पटावर फौज ठेवताना

प्रस्तावना

२५ मार्च १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादची तैनाती फौज घेऊन परंड्याला येऊन थांबला. कंपनीच्या पलटणींबरोबर निजामाचे सुमारे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार होते. पुणे तिथून ११६ मैल. पुणे शहर अजून होळकरांच्या माणसांच्या हाती होते. दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता आणि त्याला गादीवर परत बसवण्यासाठी ९ मार्चला तुंगभद्रेकाठच्या हरिहरहून आर्थर वेलस्ली निघाला होता. तोच वेलस्ली, ज्याने १२ वर्षांनी वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियनचा पाडाव केला.

परंड्याला त्या मार्चमध्ये लढाई झाली नाही, त्यामुळे लढायांच्या याद्यांत हा मुक्काम सापडत नाही. आपल्याला मात्र तोच हवा आहे. परंडा म्हणजे तेव्हा निजामाच्या राज्याची पश्चिमेची कड. तिथे थांबलेली फौज पुण्यावर चालून जाऊ शकत होती, होळकर औरंगाबादेकडे वळले तर त्यांना आडवी जाऊ शकत होती आणि हैदराबादची वाटही राखत होती. मागून येणारा दाणागोटा निजामाच्याच मुलखातून येत होता. एका ठिकाणी उभे राहून तीन वाटांवर नजर, आणि पाठ सुरक्षित. १५ एप्रिलच्या सुमारास अकलूजजवळ वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची गाठ पडली. वेलस्लीने स्वतःजवळची स्कॉच ब्रिगेड स्टीव्हन्सनच्या दिमतीला दिली, पण सगळी फौज मात्र पुण्याला नेली नाही. मुलूख आधीच लष्करांनी खाऊन फस्त केला होता. वैरण नव्हती. तेव्हा त्याने तुकड्या अशा पसरल्या की प्रत्येकीला चारा मिळावा आणि वेळ आली तर चटकन एकत्र येता यावे. मग घोडदळ घेऊन ३२ तासांत सुमारे ६० मैलांची दौड मारून तो २० एप्रिलला पुण्यात शिरला.

नेपोलियनच्या काळावरचे मोठ्या पटाचे संगणकीय खेळ जो कोणी खेळतो, त्याने या जेमतेम चार आठवड्यांकडे पाहावे. पसरणे, पोसणे, जोडणे, भर घालणे: सगळे यात आहे. ही पुस्तिका या चार कामांविषयी आहे. हल्ला कसा करावा, तोफा कुठे रोखाव्यात, चौकोन कधी बांधावा, हे सांगणारे साहित्य भरपूर आहे. हल्ल्याच्या आधीचे महिने आणि हल्ल्यानंतरचे महिने यांच्याविषयी फार कमी लिहिले जाते. खेळ बहुतेकदा तिथेच हातचा जातो.

सुरुवातीलाच कोणत्या खेळांविषयी बोलतो आहोत ते सांगून टाकू. पहिला ‘एम्पायर्स इन आर्म्स’. १९८३ साली ऑस्ट्रेलियात निघालेला हा पुठ्ठ्याच्या पटावरचा खेळ २००७ मध्ये संगणकावर आला. सात महासत्ता, १८०५ ते १८१५ हा काळ, आणि एक टर्न म्हणजे एक महिना. दुसरा ‘नेपोलियन: टोटल वॉर’, २०१० चा, त्यात एक टर्न दोन आठवड्यांचा. त्याचा थोरला भाऊ ‘एम्पायर: टोटल वॉर’, २००९ चा, त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते, पण एक टर्न सहा महिन्यांचा असतो. चौथा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’, २०१३ चा. तो १४४४ पासून १८२१ पर्यंत एकेका दिवसाने सरकतो आणि हवा तेव्हा थांबवता येतो.

टर्नची लांबी किरकोळ वाटते, पण फौज ठेवण्याचे सगळे गणित तिच्यावर बेतलेले असते. पुढे शिंदे-भोसल्यांशी युद्ध पेटल्यावर वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ ला अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असई जिंकली, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. ‘एम्पायर’मध्ये हे सगळे एका टर्नच्या पोटात जाते. तिथे कुमक मागवण्याचा प्रश्नच उरत नाही. जे हाताशी आहे त्यावर निभवायचे. ‘नेपोलियन’मध्ये त्याच मोहिमेचे आठ-नऊ टर्न होतात, आणि प्रत्येक टर्नला मागून काय येते याचा विचार करावा लागतो. म्हणून पहिल्या प्रकरणात प्रत्येक खेळाचे घड्याळ समजावून दिले आहे. ते टाळून पुढे जाऊ नये.

पुढच्या पानांत ‘कुमक’ म्हणजे नवी तुकडी येऊन मिळणे आणि ‘भरपाई’ म्हणजे झिजलेल्या तुकडीत माणसे भरणे, एवढा फरक पाळला आहे. खेळांतही ही दोन कामे वेगळी आहेत. ‘युरोपा’मध्ये प्रत्येक रेजिमेंट १,००० माणसांची. लढाईत ती ४०० वर आली की दर महिन्याला राखीव मनुष्यबळातून भरत जाते. पण स्वतःच्या मुलखात भराभर आणि शत्रूच्या मुलखात रखडत. लष्करी खर्चाला कात्री लावली तर भरपाईचा वेगही उतरतो. ‘नेपोलियन’मध्ये आपल्या किंवा मित्राच्या हद्दीत थांबलेली तुकडी आपोआप भरते, रसदेची ठाणी बांधली तर जास्त वेगाने. ‘एम्पायर्स इन आर्म्स’मध्ये पायदळ लवकर हाती येते, घोडदळाला जास्त थांबावे लागते, आणि जहाजांची वाट सर्वात लांब. नियम निरनिराळे असले तरी सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: पटावर उभी असलेली फौज कुठल्यातरी मुलखाच्या जिवावर उभी असते, आणि तो मुलूख निवडणे हेच खेळाडूचे पहिले काम.

हे समजावण्यासाठी व्हिएन्ना आणि मॉस्कोची उदाहरणे सरसकट दिली जातात. तीही येथे आहेत. १८०५ मध्ये नेपोलियनने इंग्लिश खाडीकाठची फौज वेगवेगळ्या कोअरमध्ये वाटून वेगवेगळ्या रस्त्यांनी डॅन्यूबकडे नेली, प्रत्येक कोअर वाटेतल्या मुलखावर जगली, आणि २० ऑक्टोबरला उल्म येथे ऑस्ट्रियाच्या माकने शस्त्रे खाली ठेवली. १८१२ मध्ये तोच नेपोलियन रशियात गेला. तिथला मुलूख इतक्या मोठ्या फौजेला पोसू शकत नव्हता, आणि त्या फौजेतले थोडेच लोक परत आले. पण पुस्तिकेचा मुख्य नकाशा धाराशिव जिल्ह्याचा आणि त्याच्या कडेचा घेतला आहे. पश्चिमेला सीना, उत्तरेला मांजरा, मधून तेरणा, दक्षिणेला नळदुर्गची बोरी. बालाघाटाची पठारे, त्यांतून उतरणारे घाट, पर्जन्यछायेतली ज्वारीची राने. एकीकडे परंडा, दुसरीकडे नळदुर्ग. हा जिल्हा सतत कुणाच्या ना कुणाच्या सीमेवर राहिला: निजामशाही आणि आदिलशाही, मोगल आणि विजापूर, पेशवे आणि निजाम, शेवटी हैदराबाद संस्थान आणि मुंबई इलाखा. सीमेवरच्या मुलखात फौज ठेवण्याचे सगळे प्रश्न उघडे पडतात, म्हणून शिकायला तो बरा.

पहिला प्रश्न पोसण्याचा. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी परंड्याला वेढा घातला. मोगलांकडे माणूस, तोफ, पैसा कशाचीच कमतरता नव्हती. कमतरता होती गवताची आणि सरपणाची. आसपासचा मुलूख उजाड झाला, चारा कोसांवरून आणावा लागे आणि तो आणणाऱ्या टोळ्यांवर विजापूरचे स्वार तुटून पडत. पावसाळा तोंडावर आला तेव्हा वेढा उठवावा लागला. ‘युरोपा’त प्रत्येक प्रांताला रसदेची मर्यादा असते, तिच्या वर फौज गेली की दर महिन्याला लढाई न करता माणसे गळतात, आणि वेढा घालून बसले असता गळती आणखी वाढते. नवा खेळाडू तो लाल आकडा पाहतो आणि भरपाई चालूच आहे म्हणून दुर्लक्ष करतो. खजिना रिकामा झाल्यावर त्याला कळते की तो शत्रूशी नाही, परंड्याच्या कुरणांशी लढत होता. वेढ्याला लागतील तेवढीच माणसे किल्ल्याखाली ठेवावीत आणि बाकीची शेजारच्या दोन प्रांतांत चरायला सोडावीत. दुसऱ्या प्रकरणाचा सगळा हिशेब या एका वाक्यात आहे.

दुसरा प्रश्न पाठीचा. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई आपल्याकडे विजय म्हणून सांगितली जाते आणि ती तशी होतीच. निजाम अली मोहरी घाट उतरून आला आणि खर्ड्याहून परंड्याकडे कूच करत असताना परशुरामभाऊ पटवर्धनांच्या आघाडीशी त्याची गाठ पडली. निजामाकडे रेमंडच्या फ्रेंच पद्धतीने शिकवलेल्या पलटणी होत्या. समोर शिंद्यांच्या पलटणी पेराँच्या हाताखाली आणि होळकरांच्या दुद्रनेकच्या हाताखाली. युरोपात नेपोलियनला अजून फारसे कोणी ओळखत नव्हते, आणि इथे परंडा-जामखेडच्या माळावर फ्रेंच कवायतीच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या होत्या. रेमंडच्या पलटणी मोडल्या नव्हत्या. मोडले ते बाजूचे घोडदळ. निजामाने रेमंडला मागे बोलावले, रात्री गोंधळ माजला आणि निजाम खर्ड्याच्या छोट्या किल्ल्यात शिरला. दोन दिवस तोफांचा मारा सोसल्यावर त्याने तहाची बोलणी लावली. परंड्यापासून तापीपर्यंतचा सीमेवरचा मुलूख, दौलताबाद, तीन कोटी रुपये, आणि मुख्य दिवाणही मराठ्यांच्या हवाली. एवढी मोठी फौज घाट पाठीशी घेऊन उभी राहिली आणि माघारीसाठी तिने निवडला तो किल्ला तिला पोटात घेण्याएवढा नव्हता.

खेळात ही चूक रोज होते. आपली उत्तम तुकडी आघाडीला, मागे एकच अरुंद वाट, आणि माघारीचा प्रांत असा की तिथे रसदेची मर्यादा कमी. संगणकाने तुकडी मागे ढकलली की ती तिथे उपाशी बसते. तिसऱ्या प्रकरणात म्हणून ‘माघारीचा प्रांत आधी निवडा’ असा सराव दिला आहे: लढाई सुरू करण्याआधी हरल्यास फौज कुठे थांबेल ते ठरवायचे, तिथे रसद किती आहे ते पाहायचे, आणि मगच पुढे सरकायचे.

तिसरा प्रश्न अंतराचा. २१ सप्टेंबर १८०३ ला बदनापूरजवळ वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांनी ठरवले की डोंगराच्या दोन बाजूंनी जायचे आणि २४ तारखेला मिळून शिंदे-भोसल्यांवर पडायचे. एकाच खिंडीतून दोन्ही फौजा नेल्या असत्या तर दिवस त्यातच गेला असता. ठरवणे योग्यच होते. पण २३ तारखेला वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ सापडला आणि तो एकटाच लढला. कैलना नदीचा उतार त्याने शोधला, असई जिंकली, ९८ तोफा घेतल्या. पण मेलेले आणि जखमी मिळून त्याने सुमारे १,६०० लोक गमावले. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचला. वॉटर्लूला ब्ल्यूखरचे प्रशियन त्याच दिवशी आले आणि नेपोलियनचा ग्रुशी आला नाही. दोन निकालांमध्ये काही तासांचे अंतर आहे. एक दिवसाच्या अंतराने ठेवलेली दोन सैन्ये म्हणजे एक सैन्य, दोन दिवसांच्या अंतराने ठेवलेली म्हणजे दोन. हा हिशेब नकाशावरच्या इंचांत होत नाही, नद्या आणि घाट धरून करावा लागतो. वेलस्लीने तर भर पावसाळा मुद्दाम निवडला: नद्या दुथडी असताना मराठी घोडदळाला वाटेल तिथे पार होता येणार नाही आणि आपण हरिगोलांतून उतरू, हा त्याचा हिशेब होता.

चौथा प्रश्न भरपाईच्या उगमाचा, आणि इथे नकाशा अचानक मोठा होतो. असईला शिंद्यांच्या पलटणी आणि तोफा गेल्या, पण तो घाव भरून निघण्याजोगा होता, जर मागून नव्या पलटणी आल्या असत्या तर. त्या पलटणी शिंद्यांच्या चाकरीतल्या द बॉयनने उत्तरेत उभ्या केल्या होत्या. त्यांचा पगार गंगा-यमुनेच्या दुआबात नेमून दिलेल्या जायदादीच्या वसुलातून निघे, आणि ठाणे होते अलीगढ. ४ सप्टेंबर १८०३ ला, असईच्या १९ दिवस आधी, इंग्रजांच्या लॉर्ड लेकने अलीगढ घेतले. पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून निघून गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळची लढाईही गेली. म्हणजे असईच्या सकाळी समोरची फौज पूर्ण ताकदीने उभी दिसत असली तरी तिच्यामागचा झरा आटला होता. खेळाडू समोरच्या चौकटीतला आकडा पाहतो. त्याने त्या आकड्यामागचा प्रांत पाहावा, आणि जमल्यास शत्रूचा तो प्रांत आधी घ्यावा. चौथे प्रकरण सर्वात लांब झाले ते यामुळेच.

पाचवा प्रश्न बिलाचा. खर्ड्यानंतर निजामाने रेमंडच्या पलटणींवर भिस्त ठेवली. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला, आणि त्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहानुसार ऑक्टोबरमध्ये त्या फ्रेंच पलटणींची शस्त्रे उतरवून त्यांच्या जागी कंपनीची तैनाती फौज आली. तिच्या खर्चापोटी निजामाने १८०० मध्ये दक्षिणेचे जिल्हे कायमचे देऊन टाकले. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिन्जंट उभी राहिली. तिचा पगार थकत गेला, थकबाकीचे कर्ज झाले, आणि १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावा लागला. नळदुर्गला कारभारी म्हणून आला मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले.

या जिल्ह्याने फौजेची ही दोन्ही टोके पाहिली आहेत. १८०३ मध्ये परंड्याला पलटणी येऊन थांबल्या. पन्नास वर्षांनी पलटणींच्या पगारासाठी जिल्हाच दुसऱ्याच्या ताब्यात गेला. संगणकावर लष्करी खर्चाची पट्टी उजवीकडे सरकवणे सोपे असते. कर्ज घेऊन दहा रेजिमेंट वाढवणे त्याहून सोपे. प्रत्यक्षात ती पट्टी कुणाच्या तरी गावातून वसूल होते, आणि वसूल झाली नाही तर गावच जाते. पाचव्या प्रकरणात खेळातील कर्ज, व्याज आणि फौजेचा दरमहा खर्च यांचा हिशेब मांडला आहे. ज्या फौजेचा खर्च शांततेच्या वर्षी निभत नाही, ती युद्धाच्या वर्षी तुम्हाला विकून खाते, हे त्यातून दिसावे.

या खेळांत काय नाही, तेही सांगायला हवे. त्यांत लमाणांचे तांडे नाहीत. वेलस्लीच्या मोहिमेला दाणा पुरवणारे हेच लोक होते. बैलांच्या पाठीवरून धान्य वाहून नेणे हा त्यांचा धंदा, आणि त्यांचे तांडे आजही तुळजापूर-उमरग्याच्या बाजूला आहेत. फौजेच्या मागे चालणारा बाजार, बुणगे, घोड्यांचे चाकर हेही नाहीत. लष्कराने खाल्लेल्या रानाचे पुढच्या हंगामात काय झाले, हे कुठलाही खेळ दाखवत नाही. फार तर प्रांताच्या नावाखाली ‘लुटलेला’ असा शिक्का येतो आणि काही महिन्यांनी पुसला जातो. ही उणीव खेळ वाईट असल्याची खूण नव्हे. पण ज्याला दख्खन ठाऊक आहे त्याने तो शिक्का वाचताना जरा जास्त वाचावे.

भूगोल मात्र खेळांनी बऱ्यापैकी धरला आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवर कारवाई सुरू झाली तेव्हा भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल तिच्या हाती आला. रणगाडे आले, रेडिओ आला, तरी सोलापूरकडून हैदराबादला जाणाऱ्याला नळदुर्ग टाळता येत नाही. अशा जागा ओळखायला शिकणे म्हणजे अर्धा खेळ शिकणे.

पुस्तिका वाचण्याचा क्रम असा ठेवावा. पहिली दोन प्रकरणे वाचून सोप्या पातळीवर एक मोहीम खेळावी, आणि ती फ्रान्सची नसावी. फ्रान्सकडे माणसे इतकी असतात की चुका पचतात. प्रशिया किंवा ऑस्ट्रिया घ्यावा. ‘एम्पायर’मध्ये मराठे घ्यावेत. जिथे प्रत्येक पलटण मोजून ठेवावी लागते तिथे हात लवकर बसतो. उरलेली तीन प्रकरणे त्यानंतर, समोर खेळ थांबवून वाचावीत.

शेवटच्या पानावर आठ तालुक्यांचा कोरा नकाशा दिला आहे: नद्या, घाट, दोन किल्ले आणि बाहेर जाणाऱ्या वाटा. तुमच्याकडे तीन तुकड्या आहेत, शत्रू पश्चिमेकडून येईल की उत्तरेकडून ते माहीत नाही, आणि महिना चैत्राचा आहे. तुकड्या पेन्सिलीने मांडा. प्रत्येकीच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: तिला दाणा कुठून येईल, हरल्यास ती कुठे थांबेल, आणि दुसरी तुकडी तिच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचेल. या तिन्ही जागा भरल्याशिवाय खेळ सुरू करू नका. उत्तर दिलेले नाही, कारण उत्तरे अनेक आहेत. फक्त तिन्ही तुकड्या एकाच तालुक्यात ठेवणारे उत्तर चुकीचे आहे.